रेल्वे खातं माझ्याकडे

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. निवृत्त माणसाने डोकं चालतं ठेवावं असं डॉक्टर म्हणाले. माझं चालतंच आहे, पण नोंद असलेली बरी.

मुख्य बातमी: कन्येचं लग्न ठरलं. म्हणजे तिने ठरवलं. आम्हाला कळवण्यात आलं. १६ मे, शुक्रवार, सकाळी अकरा, ती राहते त्या परदेशातल्या गावच्या नगरपालिकेत. कर्तव्य म्हणून विचारलं, मुलगा काय करतो. पियानो जुळवतो. वाजवत नाही. लोकांचे बिघडलेले पियानो सुरात आणून देतो. यावर घर चालतं म्हणे.

मी एकच प्रश्न विचारला, की बाकीचे दोन कोण होते. तिला कळेना. पंपांच्या कारखान्यात खरेदी विभागात माझी उभी हयात गेली. साधा वॉशर घ्यायचा तरी तीन पार्ट्यांकडून कोटेशनं मागवली. इथे सबंध आयुष्याचा सवाल आणि कोटेशन एक!

सौ.ला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, तुम्ही मला बघायला आलात तेव्हा मी कितवी होते? विषय बदलला.

४ मार्च, मंगळवार

कन्येने विमानाची तिकिटं पाठवली. न विचारता. एवढ्यावर थांबली नाही. विमानतळापासून तिच्या गावापर्यंत रेल्वेचीही काढली. जायची, यायची, दोघांची, शेजारी-शेजारी.

लगेच फोन केला. म्हटलं, विमानाचं झालं ते झालं, पण रेल्वेची रद्द कर. चौकशी नाही, घासाघीस नाही, पहिल्या दराला माल उचलायचा, हे माझ्याच्याने बघवत नाही. ती म्हणाली, बाबा, ती गाडी दिवसातून एकदाच सुटते, रिझर्व्हेशनशिवाय चढू देत नाहीत, आणि त्या आठवड्यात इथे लागून सुट्ट्या आहेत. म्हटलं, सगळेच सप्लायर असं सांगतात. 'स्टॉक संपत आलाय साहेब.' ऐकून कान किटलेत.

ती म्हणाली, बरं, करते रद्द.

रेल्वे खातं माझ्याकडे आलं. मुलीच्या लग्नात बापाकडे एक तरी खातं असावं.

७ मार्च, शुक्रवार

रेल्वेची वेबसाइट उघडली. माहितीपूर्ण आहे. खाली कोपऱ्यात एका हसऱ्या बाईचा फोटो आणि 'मी आपली काय मदत करू?' थेट बोलणी सुरू केली. स्वतःची ओळख, हुद्दा, अनुभव सविस्तर इंग्रजीत लिहिला आणि विचारलं, युवर बेस्ट प्राइस?

बाईंचं उत्तर: मला समजलं नाही. आपल्याला सामानाविषयी माहिती हवी आहे का?

पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. दहा वेळा विचारलं तरी आवाज चढला नाही, दर उतरला नाही. कसलेली बाई आहे. ताकास तूर लागू देत नाही. अशा माणसांशी व्यवहार करायला मजा येते.

११ मार्च, मंगळवार

तीन कोटेशनं मागवायची तर रेल्वे कंपनी एकच. अडचण आली, पण माझ्यासाठी नवी नाही. ऑफिसात एकच पार्टी तिन्ही कोटेशनं स्वतः आणून द्यायची, तीन वेगळ्या लेटरहेडवर. कारभार चोख होता, ऑडिटला कधी बोट ठेवायला जागा मिळाली नाही.

त्याच धर्तीवर आज एकाच वेळी माझ्या लॅपटॉपवर, सौ.च्या मोबाइलवर आणि पलीकडच्या गल्लीतल्या स्टोअरकीपरच्या मोबाइलवर तीच गाडी उघडली. (स्टोअरकीपर म्हणजे आमच्याच कारखान्यातला. माणूस भला, पण दूरदृष्टी शून्य. कुठलीही वस्तू दाखवा, साहेब, घेऊन टाका.) तिन्ही कोटेशनं समान आली. तक्ता बनवला. तिघांत सर्वात स्वस्त कोण हे ठरवता येईना. निर्णय लांबणीवर.

स्टोअरकीपर म्हणाला, साहेब, घेऊन टाका.

१२ मार्च, बुधवार

वेबसाइटवर लाल अक्षरांत: 'आत्ता तीन जण ही गाडी पाहत आहेत.' आणि दर वाढलेला!

म्हणजे मागणी आहे. हे तिघे कोण असावेत याचा विचार करत दुपार गेली. संध्याकाळी लक्षात आलं. मी, सौ. आणि स्टोअरकीपर. दोघांनाही ताबडतोब गाडी बंद करायला लावली. दर उतरला नाही. हरकत नाही, आता मार्केट स्थिर होऊ दे.

१६ मार्च, रविवार

सौ.ची कवळी टोचते. थंडीपासून चाललंय. जेवताना काढून वाटीत ठेवते आणि हसताना तोंडावर हात धरते. आज म्हणाली, लग्नाआधी एवढं करून घेऊ या. मी नाही कुठे म्हणतोय? दोन दंतवैद्यांचे दर हातात आहेत. तिसरा बाहेरगावी गेलाय, त्याला मेल टाकलीय. त्याचं उत्तर आलं की लगेच. तोवर मऊ खा म्हटलं.

ती म्हणाली, मऊच खातेय. काहीतरी टोमणा असावा.

२० मार्च, गुरुवार

वेबसाइटची एक खोड सापडली. सीट निवडली की 'ही जागा दहा मिनिटं आपल्यासाठी राखून ठेवली आहे' असं येतं आणि घड्याळ उलटं धावू लागतं. घाबरवण्याचा प्रकार. मी दोन सीट निवडल्या आणि हाताची घडी घालून बसलो. घड्याळ संपत आलं. सौ. दारात उभी. म्हणाली, अहो, दाबा. दाबलं नाही. संपू दिलं.

समोरच्याला घाम फुटला पाहिजे. दिवसभरात हाच प्रयोग चार वेळा केला. एकदा तर कार्डाचा नंबर अर्धा भरून सोडला. त्यांच्या ऑफिसात आज नक्की चर्चा झाली असेल.

२८ मार्च, शुक्रवार

कन्येचा मेसेज. बाबा, तुमच्या पासपोर्टची कॉपी पाठवा. कशाला, ते सांगितलं नाही. सरप्राइझ आहे म्हणे. कारण नमूद केल्याशिवाय मी कारखान्यात खिळासुद्धा दिला नाही. तरी पाठवली, 'फक्त उपरोक्त कामासाठी' असा शेरा मारून. उपरोक्त काय आहे देव जाणे.

नंतर व्हिडिओ कॉल. पियानोवालाही होता. लांबुडका, शांत. कन्येने शिकवलेलं एक वाक्य त्याने मराठीत म्हटलं, प्रवास नीट होवो. मी इंग्रजीत त्याला त्याच्या मागच्या पाच वर्षांतल्या गिऱ्हाइकांची यादी मागितली. फोन नंबरसकट. कन्येने कॉल म्यूट केला. नेट खराब असेल.

६ एप्रिल, रविवार

सौ. रोज सकाळी चहाच्या कपाबरोबर विचारते, तिकिटं झाली का? मी म्हणतो, प्रोसेसमध्ये आहे. कारखान्यात या उत्तरावर प्रॉडक्शन मॅनेजरसुद्धा गप्प बसायचा. सौ. बसत नाही. आज म्हणाली, मला मुलीच्या लग्नाला जायचंय, टेंडर भरायला नाही.

अज्ञान. माफ केलं.

९ एप्रिल, बुधवार

बाईंना शेवटचं पत्र लिहिलं. आम्ही दोघे ज्येष्ठ नागरिक, येणं-जाणं मुलीकडे कायम राहील, दीर्घकालीन संबंधांच्या दृष्टीने विचार व्हावा. उत्तर: मला समजलं नाही. आपल्याला सायकल सोबत न्यायची आहे का?

स्टोअरकीपरला दाखवलं. तो म्हणाला, साहेब, ही बाई नाही, मशीन आहे. म्हटलं, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मशीनशी बोलणी कशी करतात ते तुला दाखवत होतो.

घरी येऊन फोटो पुन्हा पाहिला. मशीन वाटत नाही.

२१ एप्रिल, सोमवार

'या गाडीत शेवटच्या काही जागा.' असं महिनाभर लिहून येतंय. पण आज सौ. जेवली नाही, आणि कवळी हे कारण नव्हतं. तेव्हा खरेदी मार्गी लावायचं ठरवलं.

मात्र शिस्तीने. अनोळखी सप्लायरला पूर्ण ऑर्डर कधीच द्यायची नसते. आधी ट्रायल ऑर्डर: एक नग. माल बरा निघाला तर बाकीचा. म्हणून आज एक तिकीट काढलं. नमुन्यात काही गडबड निघाली तर ती माझ्या नावावर नको, म्हणून सौ.च्या नावाने. खिडकीची जागा. शेजारची सीट रिकामी दाखवत होती. ती पुढच्या टप्प्यात.

पैसे गेले, तिकीट आलं. बघू.

२२ एप्रिल, मंगळवार

तिकिटाचा प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवला. निरीक्षण सुरू.

३० एप्रिल, बुधवार

नमुना पास. नाव बरोबर, तारीख बरोबर, नावावर 'बदल होणार नाही' अशी बारीक अक्षरं. शाईही उडत नाही. सप्लायर भरवशाचा दिसतो. आज उरलेली ऑर्डर देण्यासाठी वेबसाइट उघडली.

'या गाडीत जागा उपलब्ध नाही.'

हसू आलं. शेवटचा डाव टाकतायत. जरा भाव खाऊ दे. दोन दिवसांनी स्वतः मागे येतील.

४ मे, रविवार

आले नाहीत.

सकाळ, दुपार, संध्याकाळ बघतो. तेच वाक्य. बाईंना विचारलं. त्यांनी सायकलचं विचारलं.

कन्येचा फोन. तिकिटं झाली ना? म्हटलं, झाली. एक तर झालंच आहे, आणि दुसरं होणार आहे, तेव्हा यात खोटं काही नाही. मग ती म्हणाली, तुम्ही उतराल त्या गुरुवारी पियानोवाला विमानतळाच्या बाजूलाच एक पियानो आणायला व्हॅन घेऊन जाणार आहे, येता येता तो तुम्हाला दोघांना घेईल, बसायला ऐसपैस जागा आहे, तिकिटं परत केली तरी चालतील.

म्हटलं, तुझे आईवडील पियानोबरोबर सामान म्हणून येणार नाहीत. आपलं सगळं व्यवस्थित ठरलेलं आहे.

सौ. हे ऐकत होती. पहिल्यांदाच माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवली. कवळीसुद्धा दिसली. बरं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं.

१२ मे, सोमवार

नवी रणनीती. ऑनलाइनचा नाद सोडला. स्टेशनवर समोरासमोर काउंटरवर बसून घ्यायचं. पडद्यामागे कोणीही ताठ राहतं. टेबलापलीकडे माणूस विरघळतो. माझ्या टेबलापलीकडे भलेभले विरघळलेत.

तयारी पूर्ण. दोघांचे पासपोर्ट, विमा, सगळी कागदपत्रं माझ्या निळ्या फाइलमध्ये. सौ. म्हणाली, माझा पासपोर्ट माझ्या पर्समध्ये राहू दे. म्हटलं, प्रवासात कागद एका हाती असावेत. दोन हातांत गेले की गहाळ होतात.

तिकडच्या सिमकार्डासाठी तीन कंपन्यांना दर विचारले होते. दोघांचे आले. तिसऱ्याची वाट बघतोय.

दंतवैद्य अजून बाहेरगावीच.

१५ मे, गुरुवार. दुपार

पोचलो. विमान वेळेवर. देश स्वच्छ. गाडीला अजून अवकाश आहे. सौ.ला बाकावर सामानापाशी बसवलं आणि सांगितलं, जरा तिकिटांवर शिक्का मारून आणतो.

१५ मे. संध्याकाळ, त्याच बाकावर. एकटा

काउंटर नाही.

संपूर्ण स्टेशनवर तिकिटाची एक खिडकी नाही. भिंतीत यंत्रं बसवलीत. यंत्राच्या पडद्यावर तीच बाई. तोच फोटो, तेच हसू.

तरी प्रयत्न केला. गाडी निवडली, जागा नाही. मागे गेलो, पुन्हा निवडली, जागा नाही. मागे रांग वाढत होती. कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला हळूच बाजूला केलं.

मग गाडी लागली. दारात गार्ड होत्या, उंच, टोपीवाल्या. त्यांना माझं व्हिजिटिंग कार्ड दिलं. जुनं आहे, हुद्द्यापुढे पेनाने 'माजी' लिहिलेलं. त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि आदराने परत केलं. उभ्याने येतो म्हटलं. नाही. दोन डब्यांच्या मध्ये बसतो म्हटलं. नाही. म्हटलं, मुलीचं लग्न आहे. त्यांचा चेहरा उतरला, पण मान नाहीच हलली.

शेवटी सौ.ला सांगावं लागलं. ट्रायल ऑर्डरपासून सगळं. मला वाटलं होतं, इथेच प्लॅटफॉर्मवर ती मला धुऊन काढेल. तिने तिकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एवढंच विचारलं, की उतरायचं कुठे, शेवटच्या स्टेशनवर ना? मी म्हटलं, हो. तिने बॅग उचलली आणि चढली. तीस वर्षांत ती कधी एकटी परगावी गेलेली नाही. मागे वळून बघेल असं वाटलं होतं.

ती खिडकीत बसली. शेजारी, म्हणजे माझ्या जागेवर, एक टकला गृहस्थ येऊन बसला. तिची बॅग वर ठेवली. माझ्याकडे बघून हातही हलवला. कोण कुठला!

काळजीचं कारण नाही. बिनरिझर्व्हेशनच्या पॅसेंजर गाड्या आहेत. तीन ठिकाणी बदलाव्या लागतात. हिशोबाने मी पहाटे पोचतो. लग्न अकराला. आरामात.

कन्येला कळवायचं तर सिम नाही.

१६ मे, शुक्रवार. सकाळ

जंक्शन. वेटिंग रूम. पहिली गाडी मिळाली, दुसरी मिळाली. तिसरी सुट्टीमुळे आज धावत नाही. हे भिंतीवर लिहिलेलं आहे. पुढची साडेबाराला.

खोलीत मी, एक रिकामं चहाचं यंत्र आणि एक बाई. बाईने इस्त्रीचे कपडे हँगरला लावून खुर्चीवर टांगलेत. ती बहुधा कुणाच्या तरी समारंभाला चालली आहे. मी माझा सूट घडी घालून पिशवीत ठेवलाय. टाय वरच आहे. कन्येने निवडलेला, निळा.

स्टेशनाबाहेर टॅक्सीवाला होता. तिच्या गावापर्यंतचा दर विचारला. त्याने सांगितला. मी सवयीने म्हटलं, बघतो, आणि दुसरी टॅक्सी शोधायला कोपऱ्यापर्यंत गेलो. दुसरी टॅक्सी नव्हती. परत आलो तर तो हँगरवाल्या बाईला घेऊन निघून गेला होता.

सकाळी अकरा

आत्ता उभी असेल ती. साडी नेसलीय की काय घातलंय तेही मला माहीत नाही. विचारलं नव्हतं.

निळी फाइल उघडून सगळे कागद तपासले. सगळे व्यवस्थित आहेत.

वाईट वाटतंय. लिहून ठेवतो, कारण इथे वाचणारं कोणी नाही.

१६ मे. संध्याकाळ, कन्येचं घर

पोचलो तेव्हा तिघंही स्टेशनवर होते. कन्या, सौ., आणि पियानोवाला. आता जावई म्हणायला हवं. कन्या रागावली नाही. रागावतील म्हणून मी गाडीत तीन वेगवेगळी उत्तरं तयार केली होती. एकही लागलं नाही. जावयाने मराठीत विचारलं, प्रवास नीट झाला? त्याला दुसरं वाक्य येत नसावं.

सौ. हसली. तोंडावर हात न धरता.

हळूहळू कळलं ते असं. शेजारचा टकला गृहस्थ कवळ्या बनवतो. याच गावात त्याचं दुकान आहे. सौ.ने डबा उघडून तोंडातली कवळी काढली, ते त्याने पाहिलं, आणि सबंध प्रवासभर दोघं दातांवरच बोलली. सौ. तिच्या इंग्रजीत, तो त्याच्या. आज सकाळी दुकान उघडून त्याने कवळी घासून, पॉलिश करून दिली. सौ. म्हणते, चहा थंड व्हायच्या आत झालं काम. पैसे घेईना, म्हणून तिने त्याला लग्नाचं आमंत्रण दिलं. अगदी छोटा समारंभ. दोघं, जावयाची आई, सौ. आणि हा कवळीवाला.

आता मुख्य गोष्ट. इथे लग्नाला दोन साक्षीदार लागतात, एकेका बाजूचा एकेक. मुलाकडून त्याची आई. मुलीकडून मी होतो. त्यासाठीच तिने पासपोर्टची कॉपी मागितली होती. मला त्या खुर्चीत बसल्यावरच कळावं असं तिच्या मनात होतं. सरप्राइझ.

अधिकाऱ्याने थोडी वाट पाहिली म्हणे. मागे दुसरं जोडपं उभं होतं. साक्षीदार आयत्या वेळी बदलता येतो, फक्त ओळखपत्र पाहिजे. सौ. पुढे झाली. तिचं ओळखपत्र निळ्या फाइलमध्ये. फाइल जंक्शनला.

सही कवळीवाल्याने केली.

१७ मे, शनिवार

फोटो पाहिले. कन्या पांढऱ्या साडीत. सौ. खळखळून हसतेय, सगळे दात दिसतायत. साक्षीदाराच्या खुर्चीत कवळीवाला, कोटाला फूल लावलेलं. फूल माझ्यासाठी आणलं होतं. एका फोटोत तो डोळे पुसतोय.

कन्या म्हणाली, बाबा, तुम्ही असता तर रडला असता का? मी म्हटलं, आधी तिघांचं रडणं बघितलं असतं, मग ठरवलं असतं.

तिला हसवायला म्हटलं होतं. ती हसली नाही. बराच वेळ माझा टाय सरळ करत राहिली. टाय सरळच होता.

१८ मे, रविवार

जावयाचं वर्कशॉप पाहिलं. उघडून ठेवलेला पियानो, आत तारांचं जंजाळ. एकेक तार पुन्हा पुन्हा वाजवतो, कान देऊन ऐकतो, किंचित पीळ देतो, पुन्हा ऐकतो. घाई नाही. तोंडाने बोलत नाही. मी सवयीने दोष शोधत होतो. तासभर उभा होतो. तक्ता भरेल एवढं काही सापडलं नाही.

मला बसायला स्टूल दिलं. एकच होतं. तो उभा राहिला.

सौ.ला म्हटलं, परतीच्या तिकिटांचं बघायला हवं. ती म्हणाली, ती आहेत. मार्चमध्ये तुम्ही रद्द करायला लावलीत तेव्हा मी मुलीला सांगितलं होतं, तुझे बाबा जायचीच म्हणालेत, यायची राहू दे. दोन सीट, शेजारी-शेजारी.

एवढे दिवस बोलली का नाहीस म्हटलं. ती म्हणाली, प्रोसेसमध्ये होतं.

२० मे, मंगळवार

कन्येने मला तिच्या नावावरचं सिम घालून दिलं. फोन सुरू होताच मेल आली. तिसऱ्या दंतवैद्याचं कोटेशन. बाहेरगावी होतो, उशिराबद्दल क्षमस्व. दर तिघांत सर्वात कमी. भाषा नम्र, अटी उत्तम. माझ्या संपूर्ण नोकरीत इतकं चांगलं कोटेशन आलं नव्हतं.

मेल दोनदा वाचली. कोणाला दाखवली नाही.

उत्तर लिहिलं: आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत. काम दुसऱ्यांनी करून दिलं.